बर्फातली करकर

बेचाळीस जोड नेले, एकेचाळीस परत आणले.
हा हिशेब अख्ख्या सुभाषनगराला पाठ झालाय,
पानपट्टीवाला पण विचारतो, "काय वहिनी, एकच?"

एकच.

डिसेंबरात, बर्फाच्या गावाला,
उघड्या बोटांची चप्पल विकायला न्यायची
ही अक्कल कुणाची, ते विचारू नका.
बचत गटाच्या कागदावर साहेबानं शिक्का मारला
आणि मी नि शेवंता व्हटकर विमानात बसलो.
कोल्हापूर ते कोलोन.
दोन्हीकडं 'को', तेवढंच ओळखीचं.
देऊळसुद्धा काळ्या दगडाचं, आपल्यासारखं,
पण त्याचा कळस बघायला मान वर केली
की डोक्यावरचा पदर पडायचा.

संगं दुभाषी म्हणून पुण्याची ईशानी.
माझ्या "मी आलो, मी बसलो"ला हसायची.
म्हटलं, बाळा, आमच्यात बायका अशाच येतात.

नाताळचा बाजार. लाकडी टपऱ्या ओळीनं,
मेणबत्त्या, काचेचे गोळे, अक्रोड फोडणारा लाकडी शिपाई,
आणि हंड्यात उकळणारी लाल दारू,
तिच्यात दालचिनी, लवंग, संत्र्याची साल.
मसाला आपलाच की!
वास आला आणि थेट घरात गेलो,
तव्यावर खडा मसाला भाजताना.
डोळ्यांतलं पाणी थंडीचं आहे
असं शेवंताला सांगितलं. तिनं पण तेच सांगितलं.

लोक यायचे. जोड उचलायचे.
वेणीवरनं बोट फिरवायचे, गोंडा हलवून बघायचे,
नाकाशी धरायचे बाभळीची साल आणि हिरडा,
मग ठेवून द्यायचे, आणि म्हणायचे,
"झोमर."
मला वाटलं, थंडी झोंबते म्हणतात बिचारे.
चौथ्या दिवशी ईशानी म्हणाली,
काकू, झोमर म्हणजे उन्हाळा.
उन्हाळ्यात घेऊ, म्हणतायत.

आणि मी, चपलांच्या घरची सून,
हातभर वेण्या घालून बोटं सोलवटलेली,
पायात कुणाचे तरी उसने बूट.

निघायच्या आदल्या रात्री बर्फ पडला.
एक म्हातारी आली. राखाडी टोपी, काठी.
बाकावर बसली, बूट काढले.
अंगठ्यात मोजा जाईना
तर मोजा पण काढला.
अगं, अगं, म्हणेस्तोवर तीन पावलं चालली.

करकर.

तळाच्या दोन थरांत आम्ही विंचवाचं बी घालतो,
माणूस येतोय हे आधी कानाला कळावं म्हणून.
पण ताजा बर्फ पण पायाखाली तसाच बोलतो,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
ती थांबली. मी थांबलो.
परत चालली, परत करकर.
चप्पल की बर्फ? दोघींना कळेना.
हसली, तेव्हा खालचा एक दात नव्हता.

पैसे दिले, आणि हातातला पेला माझ्या हातात कोंबला.
चिनीमातीचा, बुटाच्या आकाराचा,
आत घोटभर लाल दारू अजून कोमट.
ईशानी म्हणाली, परत दिला की चार युरो मिळतात.
नाही दिला.

काल रात्री गंगावेशीत, दूध कट्ट्यावर,
म्हशी रवंथ करत उभ्या, गिऱ्हाईक मफलर गुंडाळून,
मी पिशवीतनं तो पेला काढला.
रंगरावनं धार थांबवली.
"वैनी, बुटात दूध? लक्ष्मी हाय ही."
म्हटलं, "आमची लक्ष्मी पायातनंच येती. पिळ."
शेजारचा पोरगा फोटो काढायला लागला.
रंगरावनं एकदा म्हशीकडं बघितलं,
आणि पिळलं.
धार आधी बुटाच्या टाचेत वाजली, मग चवड्यात,
मग फेस काठावरनं माझ्या मनगटावर.

एकेचाळीस जोडांचं काही नाही.
चप्पल लाईनीत शिमग्याच्या आत जातील.
पण एक जोड तिकडं,
कोटांच्या खाली, कपाटाच्या अंधारात
झोमरची वाट बघत बसलाय.
का तिनं वाट बघितलीच नाही,
आणि चालत असेल स्वयंपाकघरात, चुलीपासून खिडकीपर्यंत?

आज सकाळी नवा तळ शिवायला घेतला.
बी जरा जास्तच घातलं.