विलंब माफीचा अर्ज

मी, शालन आण्णाप्पा मगदूम, वय सत्तेचाळीस,
धंदा टंकलेखन, राहणार कसबा बावडा,
सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की

दिवसा मी कोर्टाच्या कुंपणालगत बसते,
छत्रीखाली, पानाला वीस रुपये,
आणि रात्री, भांडी पालथी घातल्यावर,
सातवण नावाच्या देशाची न्यायाधीश असते.

या देशाला जमीन नाही.
एकसष्ट नागरिक, एक झेंडा,
तिजोरीत दोन लाख मोहरा, त्यांत चहा येत नाही.
भाच्यानं मोबाईलवर घालून दिला हा देश,
म्हणाला, आत्ती, तुझं मराठी कायद्याचं, तूच बस खुर्चीवर.
राष्ट्राध्यक्ष शाहूपुरीत खोली घेऊन स्पर्धा परीक्षा देतो,
चौथ्यांदा.
तिघंही न्यायाधीश त्यानंच नेमलेले. तिघांत मी.

फिरोज शिकलगार भर सभेत म्हणाला,
अध्यक्ष म्हणजे पट्टा तुटलेली लेथ,
मोटर ओरडतीय, चक काही फिरत नाही.
नोटीस निघाली : चोवीस तासांत खुलासा द्या.
खुलासा आला नाही.
हद्दपारीचा हुकूम त्या दिवशी लवकर आला,
कुकरची दुसरी शिट्टी झाली होती.
तिसरीच्या आत मी सही केली.

सकाळी गगनबावड्याकडचा एक म्हातारा,
कागद पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत.
अपिलाला अठ्ठ्याऐंशी दिवस उशीर.
मी कागद चढवला, बोटं आपली आपण चालली :
सदरचा विलंब अर्जदाराने हेतुपुरस्सर केलेला नसून...
हे वाक्य किती वेळा मारलं असेल?
बावीस वर्षं, दिवसाला दोन धरा.
आज 'नसून'वर बोट अडकलं.

फिरोज उद्यमनगरात लेथवर असतो.
त्या आठवड्यात त्याची डबल पाळी होती.
आणि हे मला ठाऊक होतं.

सातवणात विलंब माफीचं कलमच नव्हतं.
इथं तारखा इतक्या, की बापाच्या जागी पोरगं उभं राहतं,
आणि आमच्याकडं एकच रात्र.
मधलं काही माणसाला सुचतच नाही काय?

म्हाताऱ्याचे पैसे घेतले नाहीत.
त्यानं उगाच संशयानं बघितलं.

दुपारी हिरव्या लेजर कागदावर मसुदा मारला,
सवयीनं डावीकडं समास सोडून,
की ऐकून घेतल्याबिगर कुणाला काढायचं नाही,
की पाळीवरच्या माणसाचे तास पाळी सुटल्यावर मोजायचे,
की न्यायाधीश अध्यक्षाच्या खिशातून नव्हे, चिठ्ठ्यांतून निघतील,
आणि आपण सही केलेला हुकूम आपणच तपासायचा नाही.
हे शेवटचं मारताना रिबन फिकी झाली होती.
दोनदा मारलं.

अध्यक्षानं लिहिलं, मॅडम, खेळ आहे. एवढं काय मनावर घेताय?
मी लिहिलं, खेळात तरी.
पुढं सुचलं नाही, तेवढंच गेलं.
दोन रात्री भांडण चाललं. कुणी मला फितूर म्हटलं,
कुणी विचारलं, फिरोज तुमचा कोण?
मतं पडली एकतीस विरुद्ध सव्वीस.
तिघं झोपले होते. एक हद्दपार.

चिठ्ठीत नाव निघालं इचलकरंजीच्या बिल्कीस जमादारांचं,
सूतगिरणीत हिशेब बघतात.
पहिलंच विचारलं, हजेरीपुस्तक कुठं आहे?
हजेरीपुस्तक नव्हतंच.
मी खुर्चीवरून उतरले.
मला काम उरलं पुकाऱ्याचं.

पहिल्या रात्री तीनदा पुकारा केला.
कोण नाही.
दुसऱ्या रात्री कोण नाही.
बिल्कीसबाईंनी लिहिलं, तारीख द्या.
तारीख हा शब्द माझ्या हातून, इतक्या वर्षांत,
पहिल्यांदा कुणाच्या तरी बाजूनं पडला.

तिसऱ्या रात्री, दोन चाळीसला, उशाला फोन थरथरला.

हात तेलात हाईत. धुऊन येतो.
थांबताय न्हवं?