एक सीट कमी

डोंग्यात बसता बसता बाबांनी मोजलं,
बोटानं नाही, हनुवटीनं,
एकतीस वर्षं एसटीत मोजत आले तसं.
वांग्यांची थैली, कणकेचा डबा, गोवऱ्यांचं पोतं,
पळसाची पानं. मग माणसं.
"दहा सीटा," ते गोपीचंद नान्हेला म्हणाले, "त्यात दोन हाफ."
"पाण्यावर हाफ नसते, काका," गोपीचंद म्हणाला,
"बुडालं तं फुल्लच बुडते."
आईनं त्याच्याकडे असं पाहिलं
की त्यानं इंजिनाची दोरी दोनदा उगाच ओढली.

पौषातला रविवार. धुकं पाण्यावरून उठायला तयार नव्हतं.
समोर कोल्हेटेकडी,
आम्ही अजून टेकडीच म्हणतो,
खरं तर ती बेट झाली त्याला बरीच वर्षं झाली.
तिनं स्वतः काही केलं नाही.
धरणाचं पाणी आलं आणि तिच्याभोवती बसलं.

अर्ध्यात बाबा एकदम ताठ झाले.
"इथं बेहाडफाटा होता."
आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं. हिरवं पाणी,
त्यात आमचीच वाकलेली तोंडं.
"मुक्कामी गाडी मोरीवर हळू होये,
सायत्रीबाई दुधाची कॅन घेऊन पळत ये."
"आता ती कुठं चढते?" ओजसनं विचारलं.
डोंगा फाट्यावर थांबला नाही.
बाबांचा हात डोक्याच्या वर गेला,
घंटीची दोरी असते तिथपर्यंत,
आणि खाली येताना मफलर नीट करून आला.

बेटावर शेंदूर लावलेला एक दगड, मोहाची तीन झाडं
आणि एक बकरी.
कोणाची, कशी आली, गोपीचंदलाही माहीत नव्हतं.
आगपेटी ओली झालेली.
लग्न ठरल्यापासून सिगारेट सोडलेल्या जावयांनी
खिशातून लायटर काढला.
कुंदा काही बोलली नाही. नंतर बोलेल.
पानगे राखेत गेले, धूर सगळ्यांच्या डोळ्यांत,
वांग्याच्या भाजीत वहिनीनं तिखट टाकलं ते
दोनदा टाकलं, असं पहिल्या घासालाच कळलं.
तूप घरीच राहिलं होतं, तरी
पान उलगडताना जी वाफ आली
तिच्यासाठी मी पुन्हा एवढ्या थंडीत उठेन.

जेवण झाल्यावर आई काठाशी जाऊन बसली.
चपला बाजूला, पाय पाण्यात.
तिचं माहेर नदीवरचं, तरी
हातात धुणं नाही, घागर नाही
आणि ती पाण्याशी बसली आहे
हे मी पहिल्यांदा पाहत होतो.
लुगड्याचा काठ भिजला. तिनं भिजू दिला.

परतताना बकरी काठापर्यंत पोचवायला आली.
मधोमध गोपीचंदनं इंजिन बंद केलं, हिशेबाला.
"माणशी तीस. अकरा जणांचे तीनशे तीस."
"दहा," बाबा म्हणाले.
हनुवटीनं मोजलं. दहा.
मग उभे राहून, बोटानं. दहाच.
"एकतीस वर्षांत एक मेमो नाही मले!"
डोंगा हलायला लागला तसे ते बसले,
पण दहावरून हलले नाहीत.
आवाज पाण्यावरून लांब जाऊन परत येत होता.
बहुतेक बेहाडफाटाच असावा खाली.

आई पदरानं पाय पुसत होती.
"कंडक्टर सोताले मोजत नसते," ती म्हणाली,
"पण रिटायर होऊन तुमाले सात वर्षं झाले."

एक टिटवी ओरडत गेली.
बाबांनी पाकीट काढलं, नोटा थुंकी लावून मोजल्या,
मधेच थांबून म्हणाले,
"मग ज्येष्ठ नागरिकाचं हाफ लागते मले."
"पाण्यावर—" गोपीचंदनं सुरू केलं.
"माहीत आहे," बाबा म्हणाले आणि पूर्ण पैसे दिले.

मग ते गोवऱ्यांच्या रिकाम्या पोत्यावर सरकले,
खिडकीची जागा मिळाल्यासारखे,
आणि घाट येईपर्यंत
त्यांनी कोणालाच मोजलं नाही.