दोन टिंबं

वांबोलाच्या तळघरात, बटाट्यांच्या पोत्यांशेजारी
तो जुना लॅपटॉप मीच लावून दिला होता.
त्यात एक कंटेनर, कंटेनरात त्याची बर्फाची वही:
दोन हिवाळे, रोज पहाटे समुद्राला भोक पाडून
मोजलेली जाडी, सेंटिमीटरमध्ये.

फेब्रुवारीच्या वादळात हीयुमा बेटावरची वीज गेली.
आली तेव्हा मी, नको त्या शहाणपणानं,
जुना कंटेनर मोडून नवी आवृत्ती चढवली.
ती हसतमुखानं उठली आणि त्याला म्हणाली:
स्वागत आहे. आपलं नाव?

पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर घडा सरळ होता,
भरतही होता.
मीच तो फोडून
त्याच जागी तसाच दुसरा ठेवला.

वांबोला चिडला नाही.
"एप्रिलमध्ये समुद्रही हेच करतो," म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं,
"पण समुद्राकडे मी काही ठेवायला दिलं नव्हतं."

टपालवाल्या लेइदाला एक आकडा आठवत होता.
बावीस. त्या दिवशी तिची गाडी
तिसऱ्या खुणेच्या फांदीपासून परत फिरली होती.
बाकी कुणाला काही नाही.

पहिल्याच दिवशी लिहायची ती ओळ मी आता लिहिली:
डावीकडे डिस्कवरची जागा,
उजवीकडे कंटेनरातली,
मधे दोन टिंबं.
त्यानं चष्मा लावून पाहिलं. "एवढंच?"
एवढंच.

कंटेनर त्यानं माझ्याकडून पुसवून घेतला.
दोनदा.
दोन्ही वेळा पडद्यावर
बावीस, लेइदाच्या सांगण्यावरून.

मग खांद्यावर गिरमिट टाकून तो बर्फाकडे निघाला.
मला चल म्हणाला नाही.