काढणे

फेरीबोटी बंद पडल्या की हिवाळ्यात
तिकीट-कचेरीच्या वरच्या मजल्यावर
पोलिक्सेनीबाईंचा वर्ग भरतो.
आम्ही चौघं, रॉकेलची एक शेगडी,
आणि प्लास्टरचा एक तरुण, मानेपासून मांड्यांपर्यंत.
बाकीचा अथेन्सहून कधी आलाच नाही.

"आधी वजन शोधा," बाई म्हणतात.
पाय तर नाहीतच.
पण कंबर उजवीकडे जराशी वर चढलेली,
त्याच बाजूचा खांदा खाली झुकलेला,
आणि पेन्सिल घेऊन उतरत गेलं
की नसलेल्या पावलाखाली
जमीन लागते.

सोपं होतं ते.
तो थकत नव्हता, खोकत नव्हता,
आणि बरगडी कुठे संपते
ते आधीच कुणीतरी ठरवून ठेवलं होतं.
मी त्याच्या ठरवण्यावरून हात फिरवायची
आणि मला वाटायचं, मला येतंय.

मग बाईंनी कपाटातून ती बाहुली आणली.
आपल्याच बेटांवरची, नक्कल,
कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी.
पोटावर हातांची घडी, चेहऱ्यावर नुसतं नाक.
चार मिनिटांत काढून दाखवली.
"पुन्हा."
थेओलोगिसने अकरा वेळा काढली आणि तो जेवायला गेला.
"तू दगड काढतेयस," बाई मला म्हणाल्या.
"त्याने काय काय काढून टाकलं, ते काढ."

डोळे काढले होते. तोंड.
रुसवा, वय, गुडघ्याची वाटी.
नाक का ठेवलं, ते मला अजून कळलेलं नाही.

फेब्रुवारीत डोंगरावरच्या गावातून याकुमिस आला.
एकाहत्तर वर्षांचा. बत्तीस वर्षं कुरुंदाच्या खाणीत.
शर्ट काढून त्याने नीट घडी घातली,
घड्याळ मात्र मनगटावरच ठेवलं.
बसची वेळ पाहायला, म्हणाला.

वीस मिनिटं मी त्याच्याकडे बघत होते
आणि हात प्लास्टरकडे.
कॉफीच्या सुट्टीत तो मागे येऊन उभा राहिला.
"हा कोण पोरगा?
याने कधी गाडा ढकललेला नाही."
सगळे हसले. मीही हसले, कान तापेपर्यंत.

मग त्याने न विचारता बाहुली उचलली,
तिच्या पाठीवरून अंगठा फिरवला,
जसा कुणी घरच्या मांजरावरून फिरवतो.
"हा गुळगुळीतपणा आमच्या डोंगराचा.
संगमरवर काय स्वतःहून असा होतो?
कुरुंद लागतो घासायला."
तिची नक्कल प्लास्टरची आहे
हे त्याला कुणी सांगितलं नाही.

आत्ता दिसला मला तो.
गळ्याच्या हाडावर एक गाठ, मोडून वेडीवाकडी जुळलेली.
उजवा खांदा उतरलेला, पण कंबर जागच्या जागी.
हा झुकाव कुठल्या शिल्पकाराने दिलेला नव्हता,
बत्तीस वर्षं एकाच बाजूने ढकललेल्या लोखंडाने दिला होता.
कातडीखाली निळे-काळे ठिपके,
सुरुंगाची दारू आत शिरून राहिलेली.
टाकीचे घाव याच्याही अंगावर होते.
देवपण तेवढं
दुसऱ्याच कुणाला मिळालं.

शेगडी विझली. कुणीच उठलं नाही.
थंडीने त्याने हातांची घडी घातली,
उजवा खाली, डावा वर,
हनुवटी जरा वर उचललेली,
आणि कपाटाजवळची बाहुली आणि तो
क्षणभर एकाच घरातले दिसले.
तिलाही तेव्हा थंडीच वाजत असेल का,
असा एक वेडा विचार.

"दहा मिनिटं," बाई म्हणाल्या.

मी त्या पोराचा खांदा काढला, खोडरबराने,
कागद जरा फाटला तिथे.
मग खांदा काढला.

पाच वाजायला सात कमी असताना याकुमिस उठला,
बटणं लावता लावता कागदाकडे बघितलं.
"गाठ डावीकडे आहे," म्हणाला,
आणि बस गाठायला जिना उतरून गेला.