एकोणीसचा पाना

चैतात पहाटे चारला
कोर्टावर मोहाची फुलं पडलेली असतात,
फ्री थ्रोच्या रेषेपासून पार मधल्या वर्तुळापर्यंत,
ओली, पिवळट, बुटाखाली साबणाच्या वडीसारखी.
पोट्टे येतात साडेपाचला.
मधल्या दीड तासाची नोकरी माझी.

आधी काठी आपटतो सिमेंटवर, तीनदा.
अस्वल असलं तर त्याला कळावं
की शिपाई आला, आता आटप गा.
एकदाच दिसलं होतं, खांबाच्या मागं,
मान खाली घालून वेचत होतं, बाईमाणसासारखं.
मी गार्डाला उठवलं नाही.
वळून पळालोही नाही.
त्याचं पोट भरेपर्यंत उभा राहिलो.

मंग पारबता कोवे येते टोपली घेऊन.
झाड विद्यापीठाचं,
फुलं तिच्या सासूच्या काळापासून तिची.
ती कोर्ट वेचून घेते, मी मागून खराटा मारतो.
वरून फॉर्म आला होता: धोका, शक्यता, उपाय.
धोक्याच्या खाली साहेबानं लिहिलं, मोहाचं झाड.
उपायाच्या खाली, तोडणे.
मी म्हटलं, साहेब, दुपारी चारला
त्या रिंगखाली तेवढीच सावली हाये.
आणि पारबता कुठल्या रकान्यात बसते?
पेन्सिलनं लिहिलं होतं म्हणून खोडता आलं.

मंग पाना.
बोर्डाला आठ बोल्ट. शिडीवर चढून
आठही हातानं बघतो,
काहून की डोळ्याला गंज दिसतो, ढिलाई दिसत नाही.
चार वर्षांआधी मी दोन पत्रं दिली होती.
आवक क्रमांक तीनशे अकरा.
आवक क्रमांक चारशे दोन.
शिक्के छान उमटले होते.
तिसरं पत्र खिशात होतं
तेव्हा हर्षल नन्नावरे रिंगला लटकला.
साधा पोट्टा, उंच म्हणावा असाही नाही,
पहिल्यांदाच हात पोचला होता त्याचा,
त्या आनंदात जरा जास्त वेळ लटकला.
आवाज आधी बोल्टचा आला, मग हसण्याचा,
मग कोणाचाच नाही.

स्टोअरचं दार कब्ज्यातून काढून त्यावर झोपवला त्याला.
मान दोन्ही हातांत धरून बसलो.
ॲम्बुलन्स छत्तीस किलोमीटरवरून आली.
छत्तीस किलोमीटर म्हणजे किती,
ते कधी कोणाची मान धरून मोजा.

हासळी मोडली, मान वाचली.
आता ब्रह्मपुरीला बँकेत आहे, दिवाळीला फोन करतो.
पाना मी मूलच्या बाजारातून घेतला, एकशे चाळीसला.
पावती मागितली नाही.

थर्मामीटर आम्हाला मंजूर नाही.
नऊ वाजले की मी चप्पल काढून
कोर्टावर उभा राहतो, दहा मोजतो.
सातला पाय उचलला तर गेटला कुलूप.
दर्शना गेडाम भांडते, काका, दोनच बास्केट,
परवा गोंदियाला मॅच आहे.
मी माठाकडे बोट दाखवतो. मीठ, साखर, लिंबू.
ती पिते आणि रागानं बघते.
पोट्ट्यांनी माझं नाव सेफ्टी पिन ठेवलंय.
माझ्या तोंडावर म्हणत नाहीत,
पण मैदान उघडं असतं, ऐकू येतं.

फॉर्मात शेवटचा एक रकाना होता:
उपायानंतर शिल्लक राहणारा धोका.
साहेब म्हणाले, निरंक लिही.
मी दोन दिवस तो कागद घरी ठेवला.
मला खोटं लिहवेना, खरं काय ते सुचेना.
तसाच कोरा दिला.

आज साडेपाचला पहिला चेंडू आपटला तेव्हा
पारबता टोपली डोक्यावर घेऊन
जाळीपाशी थांबली होती.
दर्शना डावीकडून आली, दोन पावलं, आणि वर गेली.
पारबतानं टोपलीचा हात सोडून जाळी धरली.
मीही खराटा धरला, उगाच, घट्ट.

कोर्ट कोरडं आहे.
आठही बोल्ट आवळलेले आहेत.
पोरगी अजून वर आहे.