भाजीच्या कप्प्यातली थंडी

सोळा कांदे आले सिमल्याहून, कुरियरने,
गणपती उठले त्याच्या तिसऱ्या दिवशी.
लसणाच्या गड्ड्याएवढे,
तपकिरी पापुद्रा, खाली वाळक्या मुळांची दाढी.
चिठ्ठीत लिहिलेलं: बुटका नर्गिस.
बारा आठवडे गारव्यात ठेवा, मग मातीत.
पिकती फळं शेजारी नकोत,
आतली कळी मरते.

हे सावद्यात वाचायचं!
जिथे गाडीतून उतरलं की
नाकाला आधी केळी भेटतात, मग माणसं.
जिथे माझा नवरा तेवीस वर्षं
रायपनिंग चेंबरचं दार उघडतो, लावतो,
हिरव्या घडांवर वायू सोडतो
आणि चौथ्या दिवशी पिवळं करून ट्रकमध्ये चढवतो.
त्याच्या शर्टाला, केसांना,
पगाराच्या पाकिटालासुद्धा तो वास.

चिठ्ठी मी त्याला वाचून दाखवली.
तो बराच वेळ फ्रीजकडे बघत राहिला.
मग खालच्या कप्प्यातली अर्धी फणी उचलली
आणि स्कूटरच्या आरशाला टांगून आला.

कुठे पाहिलं होतं मी हे फूल?
आईच्या सुयांच्या डब्यावर.
झाकणावर पिवळी वाटी, तिच्याभोवती सहा पाकळ्या,
एका पाकळीला गंज.
त्यातली बिस्किटं कुणी खाल्ली, कुणालाच आठवत नाही.
मी विचारायचे, हे फूल कशाचं?
आई दोरा ओवता ओवता म्हणायची, डब्याचं.
एकावन्नाव्या वर्षी नाव कळलं.

नवरात्र गेलं. ऑक्टोबरची ती उलटी गरमी,
पंख्याखाली पाठ भिजायची
आणि मिरच्या नि विरजणाच्या मधे
कागदी पिशवीत सोळा जण सिमल्यात.
वीज गेली की मी कुणाला दार उघडू देत नसे.

दिवाळीत जाऊ आली यावलहून.
"हे कांदे कशाले जपते वं? सुकून चालले."
एक तिने विळीवर धरलाही.
मी ओरडले ते भिरूडांच्या ओट्यापर्यंत गेलं.
अगं, विषारी असतात!
तिने विळी तीनदा धुतली
आणि भाऊबीज होईपर्यंत
माझ्या हातचं वरण हुंगून हुंगून खाल्लं.
पंधरा उरले.

मार्गशीर्षात सातपुड्याकडून खरा गार वारा सुटला,
त्या रविवारी कुंड्या मांडल्या.
आपली काळी माती चांगलीच, पण धरून बसते,
पाणी काय आणि राग काय.
म्हणून बांधकामातली उरलेली वाळू, दोन घमेली,
जुनं शेणखत चाळून.
टोक वर. बोटाची दोन पेरं खोल.
तीन मी लावले.
तो मागे उभा, हात पाठीशी बांधून.
म्हटलं, या ना.
"माझ्या हाताचं नको."
मग आत गेला. नळ बराच वेळ वाहत होता.
आला तो साबणाचा, लिंबाचा वास घेऊन,
आणि ओल्या हातांनी उरलेले बारा लावले,
घड उचलतो तसेच,
खालून तळहात देऊन.

आज माघातली चौथ.
बऱ्याच कुंड्या गप्प आहेत.
दोघींत पात आली आहे, हुबेहूब कांद्याची,
आणि गल्लीत घरोघरी भरिताची वांगी भाजली जातायत.
म्हणून खपटावर लिहून खोचलं:
खाऊ नये. ही कांद्याची पात नाही.
त्याच्याखाली नवऱ्याने पेनाने भर घातली:
केळी लांब ठेवा.

मी म्हटलं, अहो, उघड्यावर आल्यावर
आता काही होत नाही.
"असू दे," म्हणाला.

फाल्गुनाचं ऊन तापायच्या आत
कळी आली तर आली.
शर्ट तो अजून दारातच काढतो.