दुकानात चालते

ओमुरकुल पहिल्यांदा आला तेव्हा
मी त्याच्या टॉर्चची कळ दाबली
आणि माझ्या कंटेनरच्या पत्र्यावर लख्ख गोल उमटला.
"चालते की," मी म्हटलं.
तो म्हणाला, "इथे चालते."

दुसऱ्या खेपेला मी शेपटाकडची टोपी उघडली,
स्प्रिंग ताणून पाहिली, आटे पुसले,
दोन्ही टोकांवर स्पिरिटचा बोळा फिरवला.
बोळा काळा झाला. वाटलं, सापडलं.
मीटर म्हणाला, चार पूर्णांक एक.
भरलेल्या बॅटरीनं आणखी काय सांगायचं असतं?
वीस सोम घेतले, पुसण्याचे.

तिसऱ्यांदा तो बोललाच नाही.
टॉर्च काउंटरवर ठेवली
आणि बोटं दाखवली: सात.
कशाची सात, हे जानेवारीत
नारिनच्या बाजारात कुणी विचारत नाही.
लांडग्यांना सगळे ओळखतात.
आणि मी काय म्हणाले?
"आजोबा, हातमोज्यातून कळ नीट दाबली जात नसेल."

तो टॉर्च न घेताच गेला.

शेगडीतला कोळसा माझ्या पायांशी धुमसत होता.
केटलीच्या वाफेनं खिडकी घामेजलेली.
इथे चालते, तो म्हणाला होता. इथे.
मी एवढे दिवस त्याची बॅटरी तपासत होते
माझ्या हवेत.

जॅमच्या रिकाम्या बरणीत ती घातली,
सोबत माझी स्वतःची एक, साक्षीदार म्हणून,
आणि बरणी बाहेर बर्फात रोवली.
उणे सत्तावीस.
लगमानचा वाडगा संपेपर्यंत थांबले, वर आणखी अर्धा तास.

माझी बॅटरी कुरकुरली, जरा मंदावली, पण जळत राहिली.
त्याची एकदा लख्ख झाली
आणि गेली.
एलईडी मेणबत्तीसारखी आचके देत नाही.
असते, मग नसते.
तेवढ्यात मेंढवाड्याचं कुंपण ओलांडून होतं.

आत आणून पुन्हा मीटर लावला:
तीन पूर्णांक नऊ. अगदी साळसूद.
रिकाम्या हातानं बसलेल्याला विचारलं
दमलास का, तर तो नाहीच म्हणणार.
ओझं देऊन विचारायला हवं होतं.

सकाळी शेजारच्या दिलबारकडे गेले.
ती बातकेनचे जर्दाळू विकते, तिचा काटा खोटं बोलत नाही.
माझी बॅटरी शेहेचाळीस ग्रॅम.
त्याची सत्तावीस.
वेष्टनावर मात्र सोनेरी आकडा, नऊ हजार नऊशे,
जो एवढ्याशा नळीत मावणं शक्यच नाही.
पितळ उघडं पडलं ते असं, जर्दाळूंच्या पारड्यात.
"एवढ्या फरकात तीन दाणे येतात," दिलबार म्हणाली
आणि उगाच तीन दाणे माझ्या हातावर ठेवले.

आत काय भरलंय ते मी पाहिलं नाही.
कापू नये. लिथियम बिथरलं की आग.
दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली,
वाळूच्या डब्यात ठेवली, डबा दाराबाहेर.
मग एका जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून
सहा बॅटऱ्या सोडवल्या, एकेक ओझ्यावर लावून पाहिली.
दोन गरम झाल्या, तीन बसल्या.
एक टिकली. ती रात्रभर बरणीत ठेवली.
टिकली.

ओमुरकुल गुरुवारी आला.
मी म्हटलं, बॅटरी खोटी होती.
म्हटलं, रात्री ही काखेत ठेवा, कोटाच्या आत,
लागेल तेव्हाच टॉर्चमध्ये घाला.
"कोकरासारखी," तो म्हणाला.
हो, कोकरासारखी.
आणखी एक वाक्य होतं माझ्याकडे.
ते घशाशी येऊन आखडलं.

पैसे घेतले नाहीत. त्यानं कुरुतची पिशवी ठेवली,
मी परत सरकवली, त्यानं पुन्हा ठेवली.
मग दारातून बाहेर पडून
भर दुपारी, बर्फावर,
त्यानं टॉर्च लावली आणि तिथेच उभा राहिला.
उजेड कुठेच पडलेला दिसत नव्हता.
तो मोजत होता. मीही मोजू लागले.